जुन्या फायबर होडीच्या कवचात काय दडलेले असते

पुण्याहून पिरंगुट, मुळशी आणि ताम्हिणी घाट ओलांडून माणगावला उतरणारा रस्ता पुढे दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्याला मिळतो, आणि त्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या शेजारी फायबरच्या होड्याही ओढून ठेवलेल्या दिसतात. दोघींचा आकार सारखा असला, तरी त्यांची घडण नेमकी उलटी आहे. लाकडी होडीत आधी पठाण म्हणजे तळाचा कणा बसवतात, त्यावर वांक म्हणजे फासळ्या उभारतात आणि शेवटी फळ्या ठोकतात. फायबरच्या होडीत मात्र सर्वांत बाहेरचा थर सर्वांत आधी तयार होतो.

अमेरिकेत रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांची छोटी होडी बांधली आणि पुढच्या दोन दशकांत हे तंत्र सर्वत्र पसरले. पद्धत हातकामाची होती. मेण चोपडलेल्या पोकळ साच्यात प्रथम जेलकोट, म्हणजे पाणी अडवणारा रंगीत रेझिनचा पातळ थर, लावत. त्यावर मॅट, म्हणजे आखूड काचतंतू वाटेल तसे पसरून केलेली चटई, आणि रोव्हिंग, म्हणजे जाड धाग्यांचे विणलेले कापड, आळीपाळीने अंथरून प्रत्येक थर रेझिनने भिजवत आणि रोलर फिरवून त्यातली हवा काढत. रोव्हिंग बळ देते, पण दोन रोव्हिंग थेट एकमेकांवर ठेवल्या तर त्या नीट चिकटत नाहीत, म्हणून मधली मॅट हवीच. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचा एक थर सुमारे १ मिलिमीटर जाडी देतो. रेझिनमध्ये साधारण १ ते २ टक्के हार्डनर मिसळला की ते तापत तापत घट्ट होते. प्रमाण चुकले तर एक तर ते कच्चे राहते, नाही तर कामगाराचा हात फिरण्याआधीच आवळते.

हे नवे द्रव्य किती वर्षे टिकेल याचा अनुभव कोणालाच नसल्याने सुरुवातीच्या अनेक बांधणाऱ्यांनी कवच सढळ हाताने जाड ठेवले, आणि त्या काळातील कित्येक होड्या आजही धडधाकट आहेत, त्याचे हे एक मोठे कारण आहे. जाडी म्हणजे गुणवत्ता मात्र नव्हे. हाताने अंथरलेल्या मॅटमध्ये वजनाने जेमतेम ३० टक्के काच असते आणि उरलेले सारे रेझिन, तर निर्वात पद्धतीने रेझिन ओढून घेणाऱ्या आजच्या कामात काचेचे प्रमाण ६० टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते.

जुन्या कवचाचा गाजलेला रोग म्हणजे फोड. सतत पाण्यात राहणाऱ्या होडीत पाण्याचे रेणू जेलकोटमधून हळूहळू आत झिरपतात, रेझिनमधील विरघळणाऱ्या अंशांशी मिळून दाट द्राव बनवतात, आणि तो द्राव आणखी पाणी ओढून घेत जेलकोट फुगवतो. असा फोड फोडला तर आंबूस वासाचे पाणी बाहेर येते. दिसायला हे भयंकर असले, तरी होडी त्याने क्वचितच बुडते. खरा घात आतल्या लाकडाचा होतो. तळाला ताठपणा देणाऱ्या लाकडी पट्ट्या, इंजिनाचा पाया आणि मागची उभी फळी यांवर काच-रेझिन चढवून त्या बंद केलेल्या असतात. एखाद्या स्क्रूच्या उघड्या भोकातून पाणी आत शिरले की बाहेर चकाकी कायम राहते आणि आतले लाकूड कुजून जाते.

लाकूड आणि काच यांचा संयोगच मुळात वाईट, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’ ही शिडाची नौका लाकडी गाभ्यावर काच-रेझिनचे कवच चढवूनच साकारली, आणि तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. तिथे लाकडापर्यंत पाणी पोहोचू न देण्याची शिस्त पाळली गेली, आणि सारा फरक त्या शिस्तीचा आहे.

पश्चिम किनाऱ्यावर साधारणपणे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि त्या किनाऱ्यावर विसावलेल्या असतात. त्या दिवसांत रंगाचा डबा उघडण्याआधी मालकांनी छोट्या हातोडीने तळ आणि मागची फळी इंचाइंचाने ठोकून पाहावी, खणखणीत आवाजाच्या जागी बद्द आवाज आला तिथे खूण करावी, आणि आतले लाकूड तपासल्याशिवाय त्यावर नवा थर चढवू नये.