न्याहारीतली साखरपेरणी

सातच्या ठोक्याला शाळेची बस दारात उभी राहणार, आठची लोकल चुकवून चालणार नाही. अशा घरात पोहे भिजवा, कांदा चिरा, फोडणी करा, एवढी सवड कुणाला आहे? मग खोका उघडायचा, वाडग्यात ओतायचे, वर दूध घालायचे; पाच मिनिटांत मूल मोकळे. खोक्यावर हसरा प्राणी, शेजारी जीवनसत्त्वांची आणि लोहाची यादी. मुलाला गोडवा, आईला समाधान! या सोयीबद्दल माझी तक्रार नाही. माझ्याही घरी सात वर्षांच्या नातीसाठी असा खोका येतो. पण आरोग्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या या पदार्थात इतकी साखर शिरली कधी, हा प्रश्न मला छळू लागला आणि मी त्याचा माग काढायला बसले.

हा माग थेट अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, बॅटल क्रीक या गावी जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांचे मोठे आरोग्यधाम होते. डॉक्टर कट्टर शाकाहारी. मांसाहाराने बिघडलेल्या पोटांना साधे धान्य हेच औषध, असा त्यांचा सिद्धांत. १८९४ मध्ये ते आणि त्यांचे धाकटे भाऊ विल यांनी शिजवलेला गहू लाटला, तेव्हा त्याचे पातळ पापुद्रे सुटले आणि भाजल्यावर ते कुरकुरीत झाले. पुढे मक्याचे तसेच पोहे निघाले, तेच आपल्या ओळखीचे कॉर्नफ्लेक्स. त्यात थोडी साखर घातली तर लोक आवडीने खातील, असे विल यांचे मत. डॉक्टरांना ते मुळीच मान्य नव्हते. १९०६ मध्ये विल यांनी स्वतःची कंपनी काढली, आणि दोघे सख्खे भाऊ पुढे कोर्टाची पायरी चढले.

तरीही तोवरची साखर चवीपुरतीच होती. खरी गंमत पुढे आहे. फिलाडेल्फियातल्या जिम रेक्स नावाच्या गृहस्थाने पाहिले, की मुले वाडग्यात चमच्यावर चमचे साखर ओतून घेतात. त्यापेक्षा आपणच दाण्यांवर बेताचा पाक चढवून दिला तर? १९३९ मध्ये त्याने ‘रेंजर जो’ या नावाने असे पाकवलेले धान्य विकायला काढले. म्हणजे मुलांची साखर कमी व्हावी, या सद्हेतूने ही वस्तू जन्माला आली! बड्या कंपन्यांनी युक्ती उचलली, हेतू मात्र मागेच राहिला. १९४९ मध्ये ‘शुगर क्रिस्प’ आले, १९५२ मध्ये ‘शुगर फ्रॉस्टेड फ्लेक्स’ आणि त्याच्या खोक्यावरचा टोनी वाघ, १९५३ मध्ये ‘शुगर स्मॅक्स’. या शेवटच्यात वजनाच्या ५६ टक्के साखर होती. अशा पदार्थाला धान्य म्हणायचे की मिठाई, हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे. त्यात लपवाछपवीही नव्हती. ‘शुगर’ हा शब्द खोक्यावर ठळक अक्षरांत मिरवत होता. याच सुमारास घराघरांत दूरदर्शन संच आले आणि वाघ, ससे थेट मुलांशीच बोलू लागले.

१९७० मध्ये रॉबर्ट चोएट यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे ६० सीरियल्सची तपासणी मांडली आणि त्यांतली ४० पोषणाच्या दृष्टीने जवळजवळ पोकळ आहेत, असे सांगितले. एकच खळबळ उडाली. कंपन्यांनी जीवनसत्त्वे आणि लोह यांची भर वाढवली. ही भर निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. पण जीवनसत्त्व घातले म्हणून साखर नाहीशी होत नाही. १९७८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने मुलांसाठीच्या अशा जाहिरातींना लगाम घालण्याचा प्रस्ताव मांडला. उद्योगाने आकाशपाताळ एक केले, १९८० मध्ये संसदेने कमिशनचेच हात बांधले आणि १९८१ मध्ये प्रस्ताव गुंडाळला गेला. त्या दशकात ‘शुगर’ हा शब्द खोक्यांवरून हळूच उतरला. ‘शुगर स्मॅक्स’चे ‘हनी स्मॅक्स’ झाले, ‘शुगर क्रिस्प’चे ‘गोल्डन क्रिस्प’. नाव गेले, साखर राहिली: २००८ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने तपासले, तेव्हा या दोहोंत वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर निघाली.

“पण साधे दिले तर मुले खातच नाहीत हो!” हे प्रत्येक आईचे म्हणणे, आणि कंपन्यांचेही. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी ते पारखून पाहिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ५ ते १२ वर्षांची ९१ मुले होती. काहींना भरपूर साखरेची सीरियल्स दिली, काहींना कमी साखरेची. दूध, फळे आणि सुटी साखर सगळ्यांच्याच पुढ्यात. न्याहारी दोन्ही गटांना आवडली. गोड गटाने जवळजवळ दुप्पट सीरियल खाल्ले आणि त्यांच्या पोटात सरासरी २४ ग्रॅम साखर गेली. दुसऱ्या गटाने हवी तेवढी साखर वरून घेऊनही आकडा साडेबारा ग्रॅमच भरला. शिवाय त्यांनी फळे जास्त घेतली. जिम रेक्सची भीती मुलांनीच खोटी ठरवली!

ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या हिशेबाने ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसभरात १९ ग्रॅमपेक्षा जास्त वरची साखर नको. म्हणजे एका वाडग्यात दिवसाचा कोटा संपला. चिलीने २०१६ मध्ये जास्त साखरेच्या खोक्यांवर काळे इशारे छापायला लावले आणि वाघाला खोक्यावरून हाकलले. २०२२ मध्ये केलॉग कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात युक्तिवाद केला, की सीरियल दुधासह खातात, म्हणून साखर दुधासह मोजावी. न्यायालयाने तो फेटाळला.

आपल्याकडे ही कंपनी १९९४ मध्ये आली, तळोजाला कारखाना निघाला. पण आपण गरम दूध पिणारी माणसे. त्यात कॉर्नफ्लेक्सचा लगदा झाला आणि पहिल्या कौतुकानंतर गिऱ्हाईक रोडावले. मग मुलांसाठी ‘चोकोज’ आले आणि चॉकलेटच्या वाटेने खोका घरात रुळला.

आपण तरी कुठे साखरेचे वैरी आहोत? तूप-साखर-पोळीची गुंडाळी कुणी खाल्ली नाही? फरक एवढाच, की तिथे चमचा आईच्या हातात असतो आणि त्या गुंडाळीला कुणी आरोग्यदायी म्हणत नाही.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. खोक्याची पाठ वाचा. १०० ग्रॅममागे साखरेचा जो आकडा असेल, तितके टक्के साखर. वाडगाही एकदा काट्यावर ठेवा. खोक्यावरचा हिशेब ३० ग्रॅमचा होता, माझ्या नातीच्या वाडग्यात ५२ ग्रॅम निघाले. हल्ली मी बिनसाखरेचे आणते, वर केळ्याचे काप घालते आणि साखरेचा डबा तिच्यापुढे उघडा ठेवते. पहिल्या दिवशी तिने तीन चमचे घेतले. गेल्या आठवड्यात एक.