भाड्याचे पाणी, सभासदांची होडी

इंग्लंडच्या मध्यभागात समुद्र दूर आहे. तरीही तेथील अनेक कुटुंबे रविवारची सकाळ शिडाच्या होडीत घालवितात. हे शक्य झाले ते धरणांमुळे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढत्या शहरांची तहान भागविण्यासाठी तेथे मोठमोठे जलाशय बांधले गेले. केंब्रिजच्या पश्चिमेकडील ग्राफम वॉटर १९६६ साली खुला झाला. त्यानंतरच्या दशकात लेस्टर शहराच्या पूर्वेस ग्वॉश नदी अडवून रटलंड वॉटर भरण्यात आला. पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने तो इंग्लंडमधील सर्वांत मोठा जलाशय होय. लेस्टरमध्ये अनेक भारतीय व्यापारी कुटुंबे स्थायिक आहेत, आणि तेथून मोटारीने तासाभरात या काठावर पोहोचता येते. पाण्यात अर्धे बुडालेले नॉर्मंटनचे चर्च पाहताना उजनीच्या जलाशयातील पळसदेवचे मंदिर कोणासही आठवेल. फरक इतकाच की, चर्चच्या आतली जमीन भराव घालून उंच केली गेली व भोवती बांध घातला गेला, म्हणून ते बारमाही उभे दिसते. पळसदेवचे मंदिर मात्र धरणाची पातळी खाली गेली म्हणजेच दर्शन देते.

या दोन्ही जलाशयांच्या काठी नौकानयनाचे क्लब आहेत, आणि देशभर अशाच पाण्यांवर लहानमोठे कितीतरी क्लब नांदत आहेत. मोठ्या क्लबांना पगारी माणसे परवडतात. लहान क्लबांत बहुधा एकही पगारी नोकर नसतो. तेथे क्लब म्हणजे सभासद, आणि सभासद म्हणजेच क्लबचे मुकादम, रखवालदार, कारकून व झाडूवाले. पदांची नावे मात्र आरमारी थाटाची: कमोडोर, व्हाइस कमोडोर, रिअर कमोडोर. बाहेरच्या माणसास वाटावे की येथे युद्धनौका नांगरून पडल्या आहेत. प्रत्यक्षात कमोडोरसाहेब शनिवारी दुपारी तुंबलेली मोरी साफ करताना आढळण्याचा संभव अधिक.

व्यापारी माणसाने अशा संस्थेकडे पाहिले की त्याचा पहिला प्रश्न असतो, मालमत्ता कोणाची? येथे उत्तर चमत्कारिक आहे. पाणी क्लबचे नसते, ते पाणीपुरवठा कंपनीचे असते. काठावरची जमीन बहुधा भाडेपट्ट्याने घेतलेली असते. होड्या सभासदांच्या खासगी असतात. क्लबचे स्वतःचे म्हणावे असे एक इमारत, एक धक्का, दोन-तीन बचाव बोटी, शर्यतीचे बोये आणि चहाची किटली. दुकान भाड्याचे, वजनकाटा गिऱ्हाइकाचा आणि गल्ला तेवढा आपला, असा हा व्यवहार आहे. साहजिकच सर्वांत मौल्यवान कागद म्हणजे पट्ट्याचा करार. त्याची मुदत किती उरली आहे, नूतनीकरणाची अट काय, पाण्याची पातळी खाली गेल्यास भाड्यात सूट मिळते की नाही, हे ज्या कार्यकारिणीला तोंडपाठ नाही ती वाळूवर घर बांधीत असते.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. नोंदणी न केलेल्या मंडळाला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्व नसते. मालमत्ता विश्वस्तांच्या नावे ठेवावी लागते, आणि देणे अंगावर आले तर कार्यकारिणीच्या सभासदांपर्यंत त्याची झळ पोहोचू शकते. म्हणून अनेक क्लबांनी हमीने मर्यादित कंपनीचे रूप घेतले आहे. त्यात भागभांडवल नसते. कंपनी बुडाल्यास प्रत्येक सभासदाने बहुधा एक पौंड द्यावयाचा असतो. शिवाय २००२ पासून ब्रिटनमध्ये सामुदायिक हौशी क्रीडा क्लब म्हणून नोंदणीची सोय झाली. त्यामुळे स्थानिक मालमत्ता करात ८० टक्के सूट मिळते आणि देणग्यांवर सरकारकडून कराचा परतावा मिळतो. वर्गणीवर मात्र मिळत नाही. बदल्यात क्लबचे दार सर्वांसाठी उघडे ठेवावे लागते, आणि क्लब बंद झाला तर शिल्लक सभासदांनी वाटून घेता येत नाही. एकदा या नोंदणीत शिरले की स्वेच्छेने बाहेर पडता येत नाही. उद्या काठावरच्या जागेला सोन्याचा भाव आला तरी ती विकून वाटणी करण्याचा मोह कायद्यानेच रोखलेला आहे. ही तरतूद ज्याने योजली त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे.

हिशेबाच्या वहीत खरी परीक्षा घसाऱ्याची असते. समजा, इंजिनासह एक बचाव बोट १५,००० पौंडांस येते व १० वर्षे टिकते. म्हणजे वर्षाला १,५०० पौंड बाजूला काढावयास हवेत. २०० कुटुंबांचा क्लब असेल तर प्रत्येकी साडेसात पौंड. रक्कम क्षुल्लक दिसते. तरीही वार्षिक सभेत वर्गणी न वाढविल्याबद्दल टाळ्या मिळविणारे खजिनदार ती काढीत नाहीत, आणि दहाव्या वर्षी इंजिन बंद पडले की सभासदांकडे झोळी फिरते. ज्या खजिनदाराची सभेत थोडी कुरकुर होते तोच बहुधा बरा खजिनदार असतो.

परंतु अशा क्लबचे खरे भांडवल पैसा नव्हे, सभासदांचे हात होत. प्रत्येक सभासदास वर्षातून काही दिवस पाळी करावी लागते: कधी शर्यत अधिकारी, कधी बचाव बोटीचा चालक, कधी स्वयंपाकघरात. हिवाळा सरताना धक्क्याची दुरुस्ती व रंगरंगोटी होते. आपल्याकडील श्रमदानच ते. पाळ्यांची यादी पूर्वी फळ्यावर लागत असे. आता ड्यूटीमॅनसारख्या संगणकीय व्यवस्थेतून आठवण येते व अदलाबदलही करता येते. एवढी सोय असूनही पाळी चुकविणारे असतातच. काही क्लब त्यांना दंड लावतात, तर काही आधीच अनामत घेऊन पाळी झाल्यावर परत करतात.

येथेच सर्वांत अवघड वाद उभा राहतो. ज्यांच्यापाशी पैसा आहे पण वेळ नाही असे सभासद विचारतात, 'आम्ही जादा वर्गणी भरतो, आमच्या वाट्याचे काम दुसऱ्याकडून करून घ्या.' वरवर पाहता प्रस्ताव वाजवी आहे. परंतु निम्म्यांनी पैसे भरले तर उरलेल्या निम्म्यांवर दुप्पट पाळ्या येतात. पुढील वर्षी त्यांतलेही काही पैसेच भरतात, आणि मग पगारी माणूस ठेवावा लागतो. त्याच्या पगारासाठी वर्गणी वाढते, वर्गणी वाढली की शाळामास्तर, सुतार, परिचारिका असे बेताच्या मिळकतीचे सभासद गळतात. आणि बचाव बोट चालविणारे, इंजिन दुरुस्त करणारे हात बहुधा त्यांचेच असतात. दंडाचा नियम ठेवावा, पण सुटकेची किंमत ठरवू नये, हेच शहाणपणाचे दिसते.

कारण पाळीवरचा माणूस हा शोभेचा अधिकारी नसतो. शर्यतीच्या दिवशी वारा वाढला तर होड्या सोडावयाच्या की नाही, हे त्या दिवशीचा शर्यत अधिकारी ठरवितो. आठवडाभर तो औषधाचे दुकान चालवीत असेल किंवा कचेरीत बसत असेल. एकदा निर्णय झाला की पाच मिनिटे आधी पहिला बावटा चढतो, चार मिनिटे आधी दुसरा. एक मिनिट उरता तो दुसरा उतरतो आणि शून्यावर शर्यत सुटते. मग त्याचे खरे काम सुरू होते. होडी उलटली की प्रथम डोकी मोजावयाची. दोघे गेले होते, दोघे दिसतात का? एखादा शिडाखाली अडकला तर नाही? उथळ जागी डोलकाठी चिखलात रुतते आणि होडी सरळ होईना, तेव्हा बचाव बोटीवरील नवख्याला होडी वाचविण्याची घाई होते. नियम उलट आहे: आधी माणसे, होडी मागाहून. पाणी १५ अंशांच्या खाली असले तर एकदम पडणाऱ्याचा श्वासच अडखळतो, आणि इंग्लंडमध्ये वर्षाचा बराच काळ पाणी तसेच असते.

बचाव बोट हीच घातक ठरू शकते. चालकाच्या अंगाला बांधावयाची एक दोरी असते; तो बाहेर फेकला गेला की ती निसटते व इंजिन बंद पडते. २०१३ साली कॉर्नवॉलमधील पॅडस्टो येथे एका वेगवान बोटीतून संपूर्ण कुटुंब पाण्यात फेकले गेले. दोरी बांधलेली नव्हती; चालकाविना फिरणाऱ्या बोटीखाली सापडून वडील व मुलगी दगावले. तेव्हापासून दोरी बांधल्याखेरीज इंजिन सुरू करू नये याविषयी क्लबांत कडक शिस्त आली.

शर्यतीचा हिशेबही व्यापारी मनाला रुचावा असा आहे. लहान क्लबात दहा जातींच्या होड्या एकत्र धावतात. वेगवान होडी पुढे जाणारच. म्हणून पोर्ट्समथ यार्डस्टिक पद्धतीने प्रत्येक जातीला एक अंक दिला जातो. लागलेल्या वेळेस १,००० ने गुणून त्या अंकाने भागावयाचे. समजा, १,१०० अंकाची होडी ५५ मिनिटांत आली. तिचा शोधित वेळ ५० मिनिटे. १,४०० अंकाची संथ होडी ६८ मिनिटांत आली. तिचा शोधित वेळ सुमारे ४८ मिनिटे ३४ सेकंद. तेरा मिनिटे मागून आलेलीच जिंकली! हे अंक क्लबांनी कळविलेल्या निकालांवरून राष्ट्रीय संघटना दरवर्षी सुधारून घेते. परिणामी जुन्या, स्वस्त होडीतला मुलगाही नव्या कोऱ्या होडीतल्या सावकाराला हरवू शकतो. १९६० च्या दशकाच्या आरंभी प्लायवुडचे तुकडे जोडून घरीच बांधावयाची लाल शिडांची मिरर होडी ६३ पौंड ११ शिलिंगांस मिळू लागली. मध्यमवर्ग पाण्यावर आला तो अशा होड्यांमुळे. त्याच काळातील फायरबॉल या ब्रिटिश जातीच्या होडीत १९८२ च्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या समुद्रावर फरोख तारापोर व झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

निसर्गाची मर्जी तर निराळीच. उन्हाळ्यात निळे-हिरवे शेवाळ माजले की कंपनी पाणी बंद करते. सप्टेंबर २०१० मध्ये ग्राफम वॉटरमध्ये 'किलर श्रिंप' ही परकी, खादाड कोळंबी सापडली. तेव्हापासून तपासा, धुवा, वाळवा हा परिपाठ सुरू झाला: एका तळ्यातली होडी दुसऱ्यात नेण्यापूर्वी बारकाईने पाहणे, धुऊन काढणे व पूर्ण वाळू देणे. पाहुण्या होड्यांच्या शर्यतीवर जगणाऱ्या क्लबास हा खर्चाचा व गैरसोयीचा भाग. पण हयगय केली तर कंपनीची नाराजी, आणि कंपनीची नाराजी म्हणजे पट्ट्याचे संकट.

नोव्हेंबरच्या सुमारास वार्षिक सभा भरते. कमोडोरपदासाठी नाव सहज मिळते. खजिनदार व बचाव बोटींचा प्रमुख या दोन पदांची वेळ आली की सभागृहात शांतता पसरते, आणि मावळता अधिकारी 'आणखी एक वर्ष' म्हणून उठतो. जानेवारीत थंडीतल्या शर्यती सुरू होतात. काठावर दंव, पाणी पाच-सहा अंश. शर्यतीसाठी नावे येतात, बचाव बोटीच्या पाळीपुढची जागा मात्र अनेकदा शुक्रवार रात्रीपर्यंत रिकामी असते. ती भरली नाही तर शनिवारी एकही होडी पाण्यात उतरत नाही.