रेंजवर सराव करायला जड स्टीलचं पिस्तूल हवं का? आणि पुण्यात नेमकं काय घेता येतं?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 2024 साली मनू भाकरने एअर पिस्तूलमध्ये, तर मध्य रेल्वेच्या पुणे विभागात नोकरी करणाऱ्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये पदक मिळवलं. असं यश पाहिलं की आपणही नेमबाजी शिकावी, असं अनेकांना वाटतं. मग यूट्यूबवर शोध सुरू होतो आणि समोर येतात अमेरिकेतले व्हिडिओ: 'रेंजसाठी फुल-साइज स्टील पिस्तूलच घ्या.' हा सल्ला चुकीचा नाही. पण तो भारतात जसाच्या तसा लागू होत नाही. का, ते समजून घेऊया.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय?

ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते. त्याच झटक्याच्या जोरावर रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि मॅगझिनमधली पुढची गोळी आपोआप जागेवर येते. ट्रिगर दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात ते 'ऑटोमॅटिक'. दोन्ही प्रकार वेगळे आहेत.

स्टीलचा फायदा काय?

पहिला फायदा वजनाचा. समजा, 8 ग्रॅमची गोळी सेकंदाला 350 मीटर वेगाने सुटली. न्यूटनच्या नियमानुसार पिस्तूलही तितक्याच संवेगाने मागे येतं. पिस्तूल 700 ग्रॅमचं असेल तर त्याचा मागे येण्याचा वेग सेकंदाला सुमारे 4 मीटर असेल, 1,100 ग्रॅमचं असेल तर सुमारे अडीच मीटर. म्हणजे झटका कमी, हात कमी उडतो आणि पुढचा नेम लवकर धरता येतो.

दुसरा फायदा लांबीचा. पुढची आणि मागची साइट यांच्यात 15 सेंटीमीटर अंतर असेल आणि नेम धरताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर 25 मीटरवर गोळी सुमारे 83 मिलिमीटर भरकटते. तेच अंतर 20 सेंटीमीटर असेल तर सुमारे 63 मिलिमीटर. फुल-साइज पिस्तूल रेंजवर सोपं वाटतं ते यामुळे.

तोटाही आहे. जड पिस्तूल हात लांब करून धरलं की खांदा लवकर थकतो. थकलेला हात थरथरतो आणि वजनाचा सगळा फायदा निघून जातो.

मग पुण्यात असं पिस्तूल घेता येईल?

इथे गाडी अडते. त्या व्हिडिओंमधली बरीचशी पिस्तुलं 9 एमएमची असतात. भारतात लष्कर आणि पोलिसांचं 9 एमएम काडतूस ज्यात बसतं, असं पिस्तूल 'प्रोहिबिटेड बोअर' म्हणजे प्रतिबंधित गटात मोडतं. सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. असं हत्यार बेकायदा बाळगलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान 7 वर्षांच्या कैदेची आहे. 'ओळखीतून मिळेल' असं कोणी म्हणालं, तर हा आकडा आठवा.

परवान्यावर सहसा मिळतं ते .32 बोअरचं पिस्तूल. त्यासाठी वय किमान 21 वर्षं हवं. पुणे शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे करावा लागतो. पोलीस पडताळणी होते आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. परवाना 5 वर्षांसाठी असतो.

स्पर्धेत कोणतं पिस्तूल चालतं?

स्पर्धेचं गणितच वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 25 मीटर पिस्तूल प्रकारात .22 बोअरचं पिस्तूल लागतं. वजन जास्तीत जास्त 1,400 ग्रॅम, ट्रिगरचा दाब किमान 1,000 ग्रॅम. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियन गेम्समध्ये सुवर्णपदक जिंकलं ते याच प्रकारात. 10 मीटर एअर पिस्तूलमध्ये वजनमर्यादा 1,500 ग्रॅम आहे आणि ट्रिगरचा दाब किमान 500 ग्रॅम. दोन्हींत पिस्तूल एकाच हाताने धरायचं असतं.

सुरुवात कुठून करावी?

एअर पिस्तुलापासून. 4.5 मिलिमीटर बोअर आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. छर्रे गोळ्यांपेक्षा कितीतरी स्वस्त असतात, त्यामुळे सराव भरपूर करता येतो.

पण लगेच विकत घेऊ नका. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात रेंज आहे, गगन नारंगच्या अकादमीची सुरुवातही पुण्यातूनच झाली. आधी काही महिने क्लबच्या पिस्तुलावर शिका. स्वतःचं घेण्याआधी तीन गोष्टी तपासा:

- ग्रिप तळहातात घट्ट बसते का? मनगट न वळवता बोटाचं पेर ट्रिगरवर सरळ येतं का?
- हात लांब करून अर्धा मिनिट धरल्यावर पुढची साइट किती हलते? एअर पिस्तूल स्पर्धेत असे 60 नेम धरायचे असतात.
- दुरुस्ती करणारा आणि सुटे भाग आपल्या शहरात मिळतात का?

या तिन्हींची उत्तरं ब्रँडच्या नावावरून मिळत नाहीत, पिस्तूल हातात घेतल्यावरच मिळतात. स्टील की हलकं, महाग की स्वस्त, हे प्रश्न त्यानंतरचे.