पडदा काळा, खेळ चालू!

ओळख बघू! एक व्हिडिओ गेम आहे. टीव्ही लावला, गेम सुरू केला, तर पडद्यावर काय दिसतं? काहीच नाही! ना माणसं, ना झाडं, ना गुणांचे आकडे. पडदा आपला काळा कुळकुळीत. आणि गेम बिघडलेला नाही बरं का. तो आहेच तसा!

हा गेम १९९७ साली जपानमध्ये आला. नाव ‘रिअल साउंड: काझे नो रिग्रेट’. तो बनवला केन्जी एनो यांनी. त्यांना एकदा कळलं, की आपले गेम काही अंध माणसंही खेळतात. काय? दिसत नसताना व्हिडिओ गेम? एनो त्या मंडळींना जाऊन भेटले. आणि त्यांनी ठरवलं, की ज्याला दिसतं आणि ज्याला दिसत नाही, त्या दोघांनाही अगदी सारखाच खेळता येईल असा गेम करायचा.

मग तयार झाली एक श्रुतिका. श्रुतिका म्हणजे रेडिओवर लागतं तसं, फक्त ऐकायचं नाटक. पण इथे मध्येच घंटा वाजते आणि पुढे काय करायचं ते आपण ठरवायचं!

सेगा नावाच्या कंपनीला हा गेम हवा होता. एनो यांनी अट घातली. तुम्ही तुमची १००० गेमयंत्रं अंध लोकांना भेट द्या, १००० गेम मी देतो! आणि त्या गेमच्या डब्यात काय असायचं, माहीत आहे? ब्रेलमधली माहिती, म्हणजे बोटांनी वाचायचे उठावदार ठिपके. आणि चक्क बियांची पुडी! मला तर ती पुडीच सगळ्यात आवडली.

आता तू विचारशील, नुसत्या आवाजावर खेळायचं कसं? अरेच्चा, हे तर तुला रोज जमतं!

बाहेरच्या खोलीत बस आणि सांग, स्वयंपाकघरात काय चाललंय? फुस्स! कुकरची शिट्टी. चर्र! फोडणी पडली. टक टक टक, कोथिंबीर चिरली जातेय. आणि तो फ्रिजच्या दाराचा बारीक आवाज? ताई गुपचूप श्रीखंड खातेय! डोळ्यांनी काही पाहिलं नाही, तरी सगळं कळलं. कारण प्रत्येक आवाज वेगळा. समज, कुकर, फोडणी आणि फ्रिज, सगळे नुसतेच ‘टिंग’ वाजले असते तर? श्रीखंडाची चोरी कधीच पकडली गेली नसती!

अंध खेळाडूंचं मागणं नेमकं हेच आहे. दार, खड्डा, नाणं, शत्रू, प्रत्येकाचा आवाज वेगळा हवा. आणि मिक्सर सुरू झाला की बाकीचं काही ऐकू येतं का? नाही ना? गेममधलं ढॅणढॅण संगीत म्हणजे तोच मिक्सर. ते वेगळं कमी करता आलं पाहिजे!

काय झालं ते कळलं. पण कुठे झालं? करून बघ. डोळे मीट आणि मित्राला तुझ्या उजवीकडे चुटकी वाजवायला सांग. बरोबर तिकडेच बोट जाईल! कारण आवाज आधी उजव्या कानात पोचतो, मग डाव्या. किती उशिरा? एका सेकंदाचे १००० तुकडे कर. त्यातल्या एका तुकड्यापेक्षाही कमी वेळ! तेवढ्याशा फरकावरून तुझा मेंदू दिशा ओळखतो!

आता गंमत. मित्राला चुटकी कधी बरोबर नाकासमोर वाजवायला सांग, कधी बरोबर डोक्यामागे. डोकं हलवायचं नाही हं! होतो की नाही गोंधळ? दोन्ही कानांना आवाज एकाच वेळी पोचतो, मग समोर कुठलं आणि मागे कुठलं? गेम बनवणाऱ्यांचीही इथेच पंचाईत होते.

डावी-उजवी बाजू मात्र हेडफोनमधून झक्क कळते. म्हणून २०२३ साली आलेल्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ या गेममध्ये अंध खेळाडू शर्यतीची गाडी चालवतात. हो, गाडी! वळण आलं की आधी सूचना मिळते. वेग कधी कमी करायचा, गाडी रस्त्याच्या कडेला चालली का, हे आवाजच सांगतो. या सोयी घडवताना अमेरिकेतले अंध खेळाडू ब्रँडन कोल यांचा सल्ला घेतला होता.

इथे एक गोष्ट नीट ऐक. आवाज फक्त सांगतो. चालवायचं खेळणाऱ्यानेच, आणि धडकायचंही त्यानेच! ‘बिचाऱ्यांना दिसत नाही, आपण खेळ सोपा करू या,’ असं कोणी म्हटलं की अंध खेळाडू वैतागतात. बरोबरच आहे! नेदरलँड्सचा स्वेन नावाचा अंध खेळाडू ‘स्ट्रीट फायटर’च्या स्पर्धांत डोळस खेळाडूंशी लढतो, तेही नुसत्या आवाजावर. त्याला सोपा खेळ देऊन काय करायचं?

मग अडतं कुठे? ओळख! शत्रूपाशी? खड्ड्यापाशी? छे! पुष्कळदा खेळ सुरू करायच्या बटणापाशीच!

अंध माणसं संगणक वापरतात तेव्हा स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचतं. ‘एनव्हीडीए’ हे त्यातलंच एक, अगदी फुकट मिळणारं. ते २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी सुरू केलं, आणि मग जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघंही अंध! त्यांची ओळख झाली होती लहानपणी, संगीताच्या शिबिरात.

पण पुष्कळ गेममधली अक्षरं अक्षरं नसतातच. ती असतात चित्रं! तुला ‘सुरू करा’ असं दिसतं. स्क्रीन रीडरला तिथे काहीच सापडत नाही. तो गप्प! म्हणून अंध खेळाडू आधी म्हणतात, मेनू बोलता करा.

२०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ नावाचा गेम आला. (तो मोठ्यांचा आहे, मारामारीचा. तू नाही खेळायचा!) त्यात मेनू बोलतात. शिवाय आवाजांचा एक कोशच आहे! कुठला आवाज कशाचा, ते तिथे ऐकायचं, पाठ करायचं, मग मैदानात उतरायचं.

आपल्याकडेही असं काम झालंय बरं! मुंबईचे चारुदत्त जाधव स्वतः अंध, आणि बुद्धिबळाचे खेळाडू. त्यांनी ‘टॉक सिक्स्टी फोर’ हे बोलणारं बुद्धिबळ संगणकासाठी तयार केलं. नावात चौसष्ट का, ते पटावरची घरं मोजून बघ.

अंधांचा खरा पटही भारी असतो. काळी घरं जरा उंच, प्रत्येक घरात एक भोक, आणि मोहऱ्याच्या बुडाला खुंटी. मोहरा खोचून ठेवायचा, म्हणजे चाचपताना पडत नाही.

पण थांब! बुद्धिबळात नियम असतो, ज्या मोहऱ्याला हात लावला तोच खेळायचा. इथे तर हात लावल्याशिवाय पट कळणारच नाही! मग? नियमच बदललाय. हवं तितकं चाचपा. मोहरा भोकातून उपसला, तरच ‘हात लावला’ असं धरायचं. आणि एकदा उपसला, की मग सुटका नाही. खेळायचाच!