मांजरांचे पाळणाघर

मांजरांचे पाळणाघर म्हणजे मालकाच्या अनुपस्थितीत पाळीव मांजराची दिवसभर किंवा काही दिवस देखभाल करणारे ठिकाण होय. दीर्घ प्रवास, आजारपण, घराची दुरुस्ती अशा प्रसंगी त्याचा उपयोग केला जातो. महाराष्ट्रातील शहरांत गणेशोत्सव, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत अनेक कुटुंबे गावी जातात; त्या काळात ही गरज विशेषत्वाने भासते.

मांजराचा स्वभाव

मांजर हा स्वतःची हद्द राखणारा प्राणी आहे. गाल घासून व नख्यांनी ओरखडे काढून ते परिसरात गंधखुणा सोडते आणि त्या खुणांमुळे त्याला सुरक्षित वाटते. नव्या जागेत त्या नसतात. उलट अनोळखी मांजरांचा व कुत्र्यांचा वास असतो. परिणामी मांजर लपून बसते, अन्न टाळते किंवा ठरलेल्या जागेबाहेर लघवी करते. म्हणून मालक केवळ कामाच्या वेळेपुरता बाहेर असेल, तर निरोगी प्रौढ मांजराला घरीच ठेवणे बहुधा अधिक हितावह ठरते. लहान पिल्ले व वेळेवर औषध द्यावे लागणारी मांजरे यांना मात्र देखरेखीची आवश्यकता असते.

निवडीचे निकष

जागा : प्रत्येक घरच्या मांजरासाठी स्वतंत्र कक्ष असावा. त्यात लपण्यासाठी आडोसा आणि बसण्यासाठी उंच फळी असावी. लिटर ट्रे अन्नपाण्यापासून दूर ठेवलेला असावा. कुत्र्यांचा विभाग दृष्टीआड व आवाजापलीकडे असणे इष्ट आहे. दारे दुहेरी आणि खिडक्या जाळीबंद असाव्यात.

लसीकरण : पॅनल्युकोपेनिया, हर्पिस व कॅलिसी या विषाणूंविरुद्धची एकत्रित लस आणि रेबीजची लस घेतल्याचा दाखला न मागणारे पाळणाघर टाळावे. ही अट प्रत्येक मांजराला लागू असेल, तरच तिचा उपयोग होतो.

स्वच्छता : पॅनल्युकोपेनियाचा विषाणू परिसरात अनेक महिने टिकून राहतो आणि अनेक नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. त्यामुळे ब्लीचसारख्या परिणामकारक द्रव्याने कक्ष धुतला जातो का, तसेच भांडी व ट्रे वेगवेगळे ठेवले जातात का, हे पाहावे.

देखरेख : मांजराने किती खाल्ले, लघवी व शौच केले का, याची रोज नोंद ठेवली जावी. रात्री कोण उपस्थित असते आणि कोणत्या पशुवैद्याची मदत घेतली जाते, हे आधीच विचारून घ्यावे.

धोक्याची लक्षणे

मांजराचा उपवास ही किरकोळ बाब नव्हे. दोन-तीन दिवस अन्न न घेतल्यास, विशेषतः स्थूल मांजरात, यकृतात चरबी साठून प्राणघातक विकार उद्भवू शकतो. बोका वारंवार लघवीस बसूनही लघवी होत नसल्यास मूत्रमार्ग तुंबल्याची शंका घ्यावी. ही तातडीची अवस्था असून एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. रोजची नोंद ठेवणाऱ्या ठिकाणी अशी लक्षणे वेळीच ध्यानात येतात. माणसांसाठीचे पॅरासिटामॉल मांजरास विषारी आहे, त्यामुळे कोणतेही औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच दिले जावे.

कायदेशीर बाजू

भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमातील कलम 11 नुसार, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हा गुन्हा आहे. भूक वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत त्याला वाऱ्यावर सोडणेही गुन्हा ठरतो. इंग्लंडमध्ये अशा केंद्रांना 2018 च्या नियमांनुसार परवाना घ्यावा लागतो.

पूर्वतयारी

पाळणाघर आधी प्रत्यक्ष पाहून यावे. आतील भाग दाखविण्यास नकार मिळाल्यास दुसरे ठिकाण शोधावे. पहिल्या खेपेस काही तासांपुरतेच मांजर ठेवून त्याची प्रतिक्रिया पाहावी. सोबत नेहमीचे खाद्य, न धुतलेली चादर, औषधांची यादी आणि पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक द्यावा. परिचित वासामुळे मांजर लवकर स्थिरावते.

पर्याय

विश्वासू शेजारी, नातेवाईक किंवा घरी येऊन देखभाल करणारी व्यक्ती हा पाळणाघरास पर्याय ठरतो. बुजऱ्या किंवा वृद्ध मांजरांना तो अधिक मानवतो. मात्र त्या व्यक्तीने दिवसातून किमान एकदा, शक्यतो दोनदा, प्रत्यक्ष येऊन अन्न, पाणी व लिटर ट्रे पाहणे आवश्यक असते.