युद्धकालीन प्रतिकार आणि एकाधिकारशाहीपुढील नागरिक : मध्यप्रांत व वऱ्हाडातील १९४२ चा संदर्भ

प्रस्तावना

वऱ्हाडात १९४२ च्या ऑगस्ट महिन्याचा इतिहास बहुधा हुतात्म्यांच्या नावांनी सांगितला जातो. अमरावती जिल्ह्यातील यावली आणि बेनोडा या गावांच्या नावांना जोडलेला 'शहीद' हा शब्द त्या स्मृतीची साक्ष देतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी चेतलेला ग्रामीण समाज, नेत्यांची अटक, मोर्चे व गोळीबार हे या कथनाचे ठरलेले टप्पे होत. हे कथन खरे आहे. परंतु ते गोळीबारापाशी थांबते. त्यानंतरच्या चार वर्षांत याच प्रांतात बातमी दडपणाऱ्या आणि विनाचौकशी माणसे डांबणाऱ्या सत्तेशी जो संथ झगडा चालला, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. एकाधिकारशाहीला सामोरे जाणाऱ्या सामान्य नागरिकाला मात्र हाच भाग अधिक उपयोगी आहे, कारण त्यातील माणसांनी जे केले ते त्यांच्या नित्याच्या व्यवसायाच्या मर्यादेत राहून केले.

त्या काळची शासनरचना प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. नोव्हेंबर १९३९ मध्ये रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखालील नियमांनी सरकारला स्थानबद्धतेचे व वृत्तनियंत्रणाचे व्यापक अधिकार दिले. सत्तेला प्रश्न विचारण्याची घटनात्मक जागा उरली नव्हती, असे म्हणण्याइतपत ही स्थिती होती. तरीही काही जागा उरल्या होत्या.

चिमूरचे वृत्त आणि वृत्तबंदी

१६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे जमाव व पोलीस यांच्यात संघर्ष झाला. गोळीबारात नागरिक मरण पावले. जमावानेही पोलीस व अधिकारी ठार केले. स्मारकांवरील मजकुरात या दुसऱ्या बाजूचा उल्लेख सहसा ओझरता असतो. तो टाळण्याचे कारण नाही, कारण पुढील घटनाक्रम त्याशिवाय समजत नाही. अधिकाऱ्यांच्या हत्येमुळे सरकारला सैन्य पाठविण्यास सबब मिळाली आणि चिमूरमध्ये जे घडले ते 'बंदोबस्त' या शब्दाखाली झाकणे सोपे झाले. सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी होत्या. गावातील पुरुष तुरुंगात होते. तक्रार करावयाची तर ज्यांच्याविरुद्ध ती करावयाची, त्यांच्याकडेच.

अशा वेळी पहिले काम साक्ष नोंदविण्याचे होते. डॉ. बा. शि. मुंजे आणि नागपुरातील काही महिलांनी चिमूरला जाऊन स्त्रियांची गाऱ्हाणी ऐकली व ती जाहीर केली. डॉ. मुंजे हिंदू महासभेचे होते आणि 'भारत छोडो'चे समर्थक नव्हते. तक्रारीला वजन आले त्यामागे ही राजकीय दूरताही असावी; पक्षाच्या माणसाने पक्षाची बाजू मांडली, असे म्हणण्याची सोय सरकारला राहिली नाही.

दुसरे पाऊल सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी उचलले. चौकशीची मागणी घेऊन ते दिल्लीस व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य लोकनायक माधव श्रीहरी अणे यांच्या निवासस्थानी गेले. मूळचे वणीचे असलेले अणे हे १९३० च्या पुसदच्या जंगल सत्याग्रहाचे नेते. आता ते सत्तेच्या आसनावर होते. भन्साळींना दिल्लीतून परत पाठविण्यात आले. त्यानंतर त्यांनी आरंभिलेले उपोषण ६३ दिवस चालले. सरकारने या उपोषणाचे वृत्त छापण्यास बंदी केली.

या बंदीनेच प्रश्नाचे स्वरूप पालटले. तोवर चिमूर हा एका तालुक्याचा प्रश्न होता. आता तो प्रत्येक संपादकाचा झाला. अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेने काढलेला उपाय साधा होता. नववर्षाच्या पदव्यांची यादी व सरकारी उच्चपदस्थांची भाषणे छापावयाची नाहीत, आणि ६ जानेवारी १९४३ रोजी अंक काढावयाचाच नाही. सत्तेला वृत्तपत्रांची गरज असते ती केवळ गैरसोयीची बातमी दडपण्यापुरती नव्हे. आपला मोठेपणा छापून आणण्यासाठीही असते. संपादकांनी नेमकी ती सोय काढून घेतली. १२ जानेवारीस उपोषण सुटले व वृत्तबंदी उठली. मागितलेली चौकशी मात्र झाली नाही. यश अर्धेच होते. पण चिमूरचे नाव देशभर पोहोचले, आणि फाशीच्या शिक्षांविरुद्ध अनसूयाबाई काळे आदींनी पुढे चालविलेल्या प्रयत्नांना त्याचा आधार मिळाला. उरलेल्या फाशीच्या शिक्षा १९४५ साली कमी करण्यात आल्या. अण्यांनी फेब्रुवारी १९४३ मध्ये, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. सत्तेच्या आत बसलेल्या माणसालाही बाहेर पडण्याचा मार्ग असतो. तो किती लवकर धरावा, हा प्रश्न त्यांच्या चरित्रकारांनी अधिक कठोरपणे विचारावयास हरकत नव्हती.

कायद्यातील 'वाजवी' हा शब्द

तिसरी जागा न्यायालयाची. संरक्षण नियमांतील १२९ व्या नियमाने 'वाजवी संशय' असल्यास अटकेचा अधिकार दिला होता. संशय वाजवी आहे हे ठरविणार कोण? १९४१ साली इंग्लंडमध्ये लिव्हर्सिज खटल्यात लॉर्ड सभेने याच तऱ्हेच्या शब्दरचनेचा अर्थ सरकारच्या बाजूने लावला; लॉर्ड ॲटकिन यांचे मत एकाकी पडले. युद्ध चालू असता वसाहतीतील न्यायालय त्याहून अधिक स्वातंत्र्य घेईल, अशी अपेक्षा करणे कठीण होते. तथापि विमलाबाई देशपांडे यांनी पतीच्या अटकेविरुद्ध नागपूर उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि वऱ्हाडावरही अधिकार असलेल्या या न्यायालयाने संशयाचा आधार दाखविण्याची जबाबदारी अटक करणाऱ्यावर टाकली. सरकार प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले व १९४६ साली तेथेही हरले.

न्यायालयीन विजयाची मर्यादाही त्याच काळात दिसली. केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल न्यायालयाने एप्रिल १९४३ मध्ये स्थानबद्धतेचा २६ वा नियम अवैध ठरविला; सरकारने काही दिवसांतच अध्यादेश काढून ती उणीव पूर्वलक्षी प्रभावाने भरून काढली. मात्र असा अध्यादेश काढावा लागणे ही उघड कबुलीच होती. अर्ज केला नसता तर तीही मिळाली नसती.

शिक्षकांचा नकार

महाविद्यालयीन अध्यापकांना अधिक जवळचे उदाहरण त्याच वर्षीचे, पण नॉर्वेतील आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये क्विसलिंगच्या नाझीधार्जिण्या सरकारने शिक्षकांची सक्तीची संघटना स्थापली व मुलांसाठी युवक संघ अनिवार्य केला. हजारो शिक्षकांनी एकाच मजकुराची पत्रे, प्रत्येकाने स्वतःच्या नावाने व सहीने, सरकारकडे पाठविली; पाठोपाठ पालकांची पत्रे आली. सुमारे एक हजार शिक्षकांना अटक झाली आणि त्यांपैकी कित्येकांना अतिउत्तरेकडील किर्केनेस येथे सक्तमजुरीस धाडले. तरी संघटना उभी राहिली नाही. नोव्हेंबरपर्यंत शिक्षक घरी परतले. येथे सही महत्त्वाची ठरली. निनावी पत्रकाकडे दुर्लक्ष करता येते. हजारो नावांपुढे सरकारला शाळा बंद ठेवणे किंवा माघार घेणे एवढेच उरते. याच युद्धात युरोपातील अशा प्रतिकाराचे कौतुक करणारे ब्रिटिश सरकार चिमूरची बातमी दाबत होते, ही विसंगती नोंदवून पुढे जावे.

आणीबाणीतील कसोटी

परक्या सत्तेविरुद्ध वापरलेली ही साधने स्वकीय सरकारपुढे किती टिकली? १९७५ मध्ये पूर्वतपासणीचा हुकूम निघाला, तेव्हा १९४३ सारखा संपादकांचा सामुदायिक संप झाला नाही. एकेकट्याने मात्र प्रतिकार केला. मिनू मसानी यांनी आपल्या नियतकालिकावरील सेन्सॉरच्या आदेशांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली व १९७६ मध्ये ती मिळविली. दुर्गाबाई भागवतांनी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लेखनस्वातंत्र्यासाठी वापरले आणि पुढे तुरुंगवास पत्करला.

स्थानबद्धतेच्या बाबतीत अनेक उच्च न्यायालयांनी बंदिप्रत्यक्षीकरणाचे अर्ज ऐकण्यास योग्य ठरविले. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ होते. म्हणजे ज्या शहरात विमलाबाईंनी अर्ज केला होता, तेथेच तो प्रश्न पुन्हा विचारला गेला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी हे निर्णय रद्द केले. १९४६ साली ब्रिटिश सरकारला जे दाखवावे लागत होते, ते दाखवा असे म्हणण्याचाही अधिकार स्वतंत्र भारताच्या नागरिकाला उरला नाही. न्या. हंसराज खन्ना यांचे मत ॲटकिन यांच्याप्रमाणेच एकाकी होते. पुढे त्यांना डावलून सरन्यायाधीश नेमण्यात आले. बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. ते मत चुकीचे ठरवून रद्द करणारा निर्णय २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने दिला, आणि त्यातील तो भाग त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला आहे.