आमच्या आजोबांना ऊन हवं!

मैत्रिणींनो, आमचे आजोबा चार पायांचे आहेत, शेपटीसकट फूटभर लांब आहेत आणि जातीने सरडे आहेत. हनुवटीखाली काटेरी दाढी, आणि राग आला की ती फुगून काळीठिक्कर पडते. म्हणून लेकीने ठेवलेलं हे नाव. इंग्रजीत या प्राण्याला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात. तो मूळचा इथलाच, ऑस्ट्रेलियाच्या आतल्या रखरखीत भागातला. आम्ही सिडनीत राहतो. इथे असा सरडा पाळायचा तर सरकारी परवाना लागतो, रानातून धरून आणलेला चालत नाही. लेकीने सहा महिने हट्ट धरला, शेवटी मी परवाना काढला आणि गेल्या वर्षी फेब्रुवारीत आजोबा घरी आले.

दुकानदाराने काचेची पेटी दिली, रात्रीसाठी तांबडा दिवा दिला, विजेवर तापणारा एक खोटा दगड आणि पिळाचा एक छोटा बल्ब दिला. "एवढं पुष्कळ झालं," म्हणाला. मी विश्वास ठेवला. शाळेत मुलांना 'विचारा, विचारा' म्हणून सांगणारी मी, तिथे काही म्हणजे काही विचारलं नाही!

जूनमध्ये इथे थंडी सुरू होते. आजोबांनी खाणं सोडलं. पाय थरथरायला लागले, चालताना पोट जमिनीला घासायला लागलं. मला वाटलं, गारठा बाधला. मी मोठा बल्ब लावला, पेटी खिडकीपाशी सरकवली. फरक शून्य. लेक रोज शाळेतून आली की दप्तर टाकून आधी पेटीपाशी जायची आणि काही न बोलता परत यायची.

सासूबाई तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. त्या खोलीत त्या पाऊल टाकत नसत. एक दिवस दारातूनच म्हणाल्या, "अगं, याचे पाय बघ जरा. मुडदूस झालेल्या पोरासारखे दिसतात." मी हसले. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि इंग्रजीत तेच सांगितलं. हाडं मऊ पडली होती. जबडासुद्धा.

आपण तान्ह्या बाळाला कोवळ्या उन्हात का धरतो? उन्हातल्या अतिनील किरणांमुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्यामुळे खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. सरड्याचंही तसंच. म्हणजे ऊन ही एक गोष्ट नव्हे. त्यात ऊब आहे, उजेड आहे आणि डोळ्यांना न दिसणारे हे किरण आहेत. मी मोठा बल्ब लावला तेव्हा फक्त ऊब वाढवली. आणि खिडकीचं म्हणाल तर हे किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत! उलट काचेची पेटी उन्हात ठेवली तर आतला जीव भाजून निघायचा. आमचं नशीब, की तेव्हा थंडी होती.

आता आमची मांडणी सांगते. पेटी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. एका टोकाला पांढरा, झोताचा उष्ण बल्ब आणि त्याखाली सपाट दगड. त्या दगडाचा पृष्ठभाग चाळीस अंशांच्या आसपास तापला पाहिजे. माझं माहेर अकोल्याचं, त्यामुळे मला हा आकडा ऐकून धक्का बसला नाही. मात्र दुसरं टोक पंचवीसच्या आसपास गार हवं. सरड्याला स्वतःची ऊब नसते. तो तापलेल्या टोकाला जातो, तापला की तोंड उघडून बसतो, मग सावलीत जातो. सगळी पेटी सारखी तापवली तर त्याने पळायचं कुठे?

अतिनील किरणांसाठी पिळाचा बल्ब नको, लांब नळी घ्या. आमची टी-फाइव्ह जातीची, बारा टक्क्यांची आहे. ती पेटीच्या अर्ध्याहून जास्त लांबीची आहे आणि उष्ण टोकाकडून सुरू होते, म्हणजे ऊब आणि किरण एकदम मिळतात. दगडापासून फूट-सव्वा फुटावर. मध्ये जाळी असेल तर बरेच किरण तिथेच अडतात, काच असेल तर संपलंच. दिवे बारा तास चालू, रात्री सगळे बंद. तांबडा दिवासुद्धा नको. सरड्याच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तो त्याचा तिसरा डोळा. त्याने दिसत नाही, पण उजेड-अंधार कळतो, मग बिचाऱ्याला झोप कशी यायची? खोली अठरा अंशांखाली जात असेल तर उजेड न देणारा चिनीमातीचा हीटर मिळतो, तो जाळीत बसवून वापरावा.

तापणारा दगड आधी फेकून द्या. पोटाखालचा चटका सरड्याला वेळेवर कळत नाही आणि भाजेपर्यंत तो तिथेच बसून राहतो. काचेला चिकटवायचे घड्याळासारखे थर्मामीटरही कुचकामी. तार असलेले दोन घ्या, दोन्ही टोकांना एकेक. बल्बला थर्मोस्टॅट हवाच, तोही बल्ब मंद करणारा, सारखा चालू-बंद करणारा नव्हे. या सगळ्याला पेटीपेक्षा जास्त पैसे पडले, हे मी ह्यांना अजून नीटसं सांगितलेलं नाही.

तिकडे तुमच्यापैकी कुणाच्या घरी कानाशी लाल पट्टा असलेलं परदेशी कासव असेल तर त्याचीही हीच गरज आहे. कवच मऊ लागलं तर वाट बघू नका.

आजोबांना दोन-अडीच महिने कॅल्शियमचं औषध पाजलं. आता ते टुणटुणीत आहेत, झुरळं मटकावतात (विकतची हो, घरातली नव्हेत!). जबडा मात्र थोडा वाकडाच राहिला, तो तसाच राहणार, असं डॉक्टर म्हणाले. नळी डोळ्यांना उजळ दिसत असली तरी तिच्यातले किरण हळूहळू उणे होत जातात, म्हणून वर्षाने बदलायची असते. ती लावल्याची तारीख लेकीने चिकटपट्टीवर लिहून नळीच्या टोकाला डकवली आहे. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला की आधी नातीची चौकशी होते, मग विचारतात, "आणि त्या म्हाताऱ्याची नळी बदललीस का गं?"